एका बोटाचं स्टिअरिंग

नकाशेकाकांनी गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरवलं ते चौकात, भर वाहतुकीत, गाडी अर्धी वळलेली असताना. उरलेलं अर्धं वळण त्यांच्या उजव्या खांद्याने घेऊ दिलं नाही. खांदा एकदम धरला, हात जिथल्या तिथे थांबला, आणि ती सगळी लोखंडाची, चारही चाकांना जोर असलेली, एके काळी ओढे-नाले तुडवत डोंगर चढणारी जुनी गाडी चौकाच्या बरोबर मधोमध आडवी उभी राहिली. चारही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी विचार करतोय!"

पंधरा मिनिटांनी सहा जणांनी ढकलून गाडी कडेला लावली. त्यातला एक दाताचा डॉक्टर होता आणि तो एका हाताने ढकलत दुसऱ्या हातातल्या फोनवर कुणाला तरी चूळ भरायला सांगत होता. काकांनी सहाही जणांचे आभार मानले, पण ते मानताना चेहरा असा ठेवला, की उपकार नेमके कुणी कुणावर केले याचा त्या सहा जणांना शेवटपर्यंत उलगडा होऊ नये.

नकाशे हे त्यांचं आडनाव नव्हे. मोजणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले, म्हणून नकाशेकाका. ही गाडी त्याच खात्याची. डोंगरमाथ्यावर तंबू, साखळ्या आणि काका यांची ने-आण करून ती थकली, तेव्हा खात्याने तिचा लिलाव केला. इतर लोक निवृत्त होताना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात, काका गाडी घेऊन आले. काकूंनी दारातून त्या धुडाकडे बघितलं आणि फक्त "आत आणणार नाही ना?" एवढंच विचारलं.

आता खांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हा खांदा असाच राहणार. आणि सरकारने सांगितलं होतं, की जुन्या गाड्यांनी ठरल्या तारखेला तपासणीत पास व्हावं, नाहीतर मोडीत जावं. काकांची तारीख एकवीस दिवसांवर होती.

"बाबा, आता पुरे," मुलगा म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. चौकातली हकिगत त्याला तिघांकडून कळली होती आणि तिन्ही हकिगतींत गर्दी वाढत गेली होती. "तुमचा खांदा वळत नाही, तिचं स्टिअरिंग वळत नाही. मोडीत देऊन टाकू. कुठे जायचं झालं तर मी नेईन ना तुम्हाला."

काकांना नेमकी याचीच धास्ती होती. आजवर ते जात होते. यापुढे त्यांना नेलं जाणार होतं. दवाखान्यात, लग्नाला, एखाद्या रविवारी बागेत. मुलाला वेळ असेल तेव्हा, मागच्या सीटवर, पट्टा लावून. ते तिरीमिरीत उठले आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सभेत, विषय पाण्याच्या टाकीचा चालू असताना, त्यांनी जाहीर केलं, "मी गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवतोय. गाडी एका बोटाने वळेल. आणि तपासणीत पास झाली नाही, तर मी स्वतः तिला मोडीच्या गोदामात नेऊन सोडीन!"

टाकीचा विषय मागे पडला. सेक्रेटरींनी काकांचं वाक्य सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतलं आणि खाली काकांची सही घेतली. सेक्रेटरींना त्या गाडीची जागा स्वतःच्या नव्या गाडीसाठी हवी होती, हे टाकीलासुद्धा माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. समोरचे होमिओपॅथ म्हणाले, स्टिअरिंगला हात लावायची गरजच नाही, खांद्याला चार गोळ्या पुरतील. मात्र खांदा आधी थोडा वाढेल. खांदा वाढेल म्हणजे काय, हे विचारायचं धैर्य काकांना झालं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल मोटारींवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यातलं स्टिअरिंगचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलं होतं, आणि ते कुणी नेलं असावं यावर ते दीड तास बोलले. बँकेतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, "काका, असल्या जुन्या गाडीत नवीन काही घालू नये. बाकीचं सगळं जुनं नाराज होतं." हे वाक्य ते नव्या सुनेबद्दलही बोलत असत.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिस्त्रींना बोलावलं.

नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री तीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होते. कमी बोलणारा माणूस. तुम्ही काहीही सांगा, ते गाडीकडे बघणार, कान खाजवणार आणि म्हणणार, "होऊन जाईल." इंजिन फुटलं असलं तरी होऊन जाईल, आरसा हलत असला तरी होऊन जाईल. पॉवर स्टिअरिंगचं ऐकूनही त्यांनी गाडीखाली एकदा डोकावून बघितलं आणि तेच म्हणाले. चार दिवसांनी ते एका मोडीत निघालेल्या दुधाच्या गाडीची स्टिअरिंगची पेटी, पंप, पट्टा आणि तेलाच्या नळ्या घेऊन हजर झाले.

"पेटी धरतो, नजरेने जागा बघतो, वेल्डिंग मारतो," मिस्त्री म्हणाले.

"नजरेने?" काकांनी चष्मा काढला. "मिस्त्री, ड्रॉइंगशिवाय मी भिंतीला खिळा ठोकत नाही."

हे खरं होतं. त्यांच्या घरातल्या प्रत्येक खिळ्याचं ड्रॉइंग होतं आणि ते काकूंनी एका पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. काकांनी जुनं जाजम अंथरलं, उताणे झोपून गाडीखाली सरकले आणि दोन दिवस टेप, ओळंबा आणि पेन्सिल घेऊन तिथेच राहिले. चहा काकू खाली वाकून आत सरकवायच्या. काका पालथी मूठ बाहेर काढून रिकामा कप परत द्यायचे. येणारे-जाणारे थांबून त्यांच्या पायांशी बोलायचे, आणि पायही मोठ्या रुबाबात उत्तरं द्यायचे.

तिसऱ्या दिवशी नकाशा तयार झाला. नकाशा कसला, चीज होती! एकास दोन प्रमाण, काळ्या शाईतल्या केसासारख्या रेघा, प्रत्येक बोल्टाला क्रमांक, खाली डौलदार अक्षरात 'वरून दिसणारे दृश्य' आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. गाडीच्या नकाशात उत्तर दिशा कशाला, असं मिस्त्रींच्या मनात आलं असणार. पण ते नकाशाकडे बघतच राहिले. तीस वर्षांत त्यांना कामाची चिठ्ठीसुद्धा धड कुणी लिहून दिली नव्हती. त्यांनी हात पुसले, कागद दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "साहेब, ह्यात सुतभर फरक करणार नाही."

सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली : 'आवारात वाहनांची दुरुस्ती करू नये.' काकांनी त्याखाली उत्तर चिकटवलं : 'ही दुरुस्ती नसून सुधारणा आहे.' दुसऱ्या दिवशी फलकावर आलं : 'सुधारणाही करू नये.' काकांनी लिहिलं : 'सुधारणेला कोणी विरोध केला याची इतिहास नोंद घेईल.' यावर सेक्रेटरी दोन दिवस गप्प होते. इतिहासाला काय उत्तर द्यावं हे त्यांना सोसायटीच्या नियमावलीत सापडत नव्हतं. तेवढ्यात काम पुरं झालं.

चाचणीच्या दिवशी अख्खी सोसायटी खाली उतरली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी इंजिन सुरू केलं, उजव्या हाताची तर्जनी सगळ्यांना दाखवली, ती स्टिअरिंगवर टेकवली आणि फाटक उजवीकडे होतं म्हणून उजवीकडे फिरवली. स्टिअरिंग लोण्यात सुरी फिरावी तसं फिरलं.

गाडी डावीकडे गेली.

काकांना वाटलं, बोट कमी पडलं. त्यांनी आणखी उजवीकडे फिरवलं. गाडी आणखी डावीकडे गेली. मग त्यांनी दोन्ही हातांनी, सगळ्या जोरानिशी, आता अजिबात जोर लागत नसलेलं ते स्टिअरिंग पार उजवीकडे नेऊन भिडवलं, आणि गाडीने तितक्याच आज्ञाधारकपणे डावीकडे वळून सोसायटीचा सूचनाफलक त्याच्या दोन्ही खांबांसकट आडवा केला. सगळ्या सूचना, उत्तरं आणि प्रत्युत्तरं गाडीच्या टपावर पडली.

"बघू," सेक्रेटरी म्हणाले, "हिला दुरुस्ती म्हणायचं की सुधारणा?"

काका खाली उतरले. मिस्त्री गाडीखाली जाऊन आले, कागद उघडून त्यांनी एक-एक बोल्ट ताडून पाहिला. "ड्रॉइंगप्रमाणेच आहे, साहेब," ते म्हणाले.

"मग पेटीच वाईट असणार," काका म्हणाले.

पेटीला बिचारीला तोंड नव्हतं. आणि लोकांना पेटीवर राग काढण्यात गंमत नसते, त्यांना माणूस लागतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीचं एकमत झालं, की मिस्त्रींनी घोटाळा केला. नकाशेकाकांचा नकाशा चुकेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चौतीस वर्षांत तो चुकला नव्हता, असं काकांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बँकवाल्यांनी मिस्त्रींच्या शेडमधून आपली स्कूटर अर्धी उघडलेली असतानाच परत नेली. ग्रंथपाल सगळ्यांना सांगत सुटले, "माणूस चांगला आहे हो, पण शिक्षण नाही."

त्या दुपारी काका मिस्त्रींकडून मागून आणलेला नकाशा घेऊन खिडकीशी बसले होते. त्यांनी कागद सरळ धरला, आडवा धरला, मग उलटा करून काचेला लावला. पाठीमागून उजेड आला आणि मागच्या बाजूने सगळ्या रेघा दिसल्या : पेटी, नळ्या, बोल्ट. सगळं बरोबर, जिथल्या तिथे. आयुष्यभर त्यांनी जमिनीकडे वरून बघून नकाशे काढले होते. पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीकडे उताणं पडून खालून बघितलं होतं, आणि हाताने सवयीने खाली 'वरून दिसणारे दृश्य' लिहून टाकलं होतं. उजवं ते डावं झालं होतं, पेटी उलटी बसली होती. आणि आजवर फक्त नजरेवर विश्वास ठेवणाऱ्या मिस्त्रींनी आयुष्यात एकदाच, निव्वळ आदरापोटी, कागदावर विश्वास ठेवला होता.

"कागद उलटा धरलाय तुम्ही," काकू चहा ठेवत म्हणाल्या.

"उजेड चांगला येतो," काका म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

पेटी काढून, कापून, पुन्हा सुलट बसवायला मिस्त्रींना आठ दिवस हवे होते. तपासणी सहा दिवसांवर होती. काका तारीख बदलायला परिवहन कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून मान वर न करता म्हणाला, "तारीख बदलायची तर गाडी हजर करा."

"गाडी हजर करता आली असती तर तारीख कशाला बदलली असती?"

"ते मोठ्या साहेबांना विचारा."

"मग त्यांना भेटतो."

"त्यांना भेटायला तारीख घ्यावी लागेल."

घरी येईपर्यंत काकांनी डोक्यात राख घालून घेतली होती आणि त्या राखेतच त्यांना मार्ग सापडला. "पेटी तशीच राहू दे," त्यांनी घडी घातलेला नकाशा मिस्त्रींना परत देत सांगितलं. "सवयीचा प्रश्न आहे. निम्म्या जगात लोक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गाड्या हाकतात, कुणी मरतं का? मला सहा दिवस पुरेत. सुलट करायचं ते पास झाल्यावर बघू."

मिस्त्रींनी कान खाजवला. या वेळी ते 'होऊन जाईल' म्हणाले नाहीत.

सोसायटीच्या मागच्या फाटकातून गाडी सरळ रिकाम्या मैदानात जायची, मध्ये एकही वळण नव्हतं. तिथे काकूंनी जुन्या बादल्या ओळीने मांडल्या आणि काकांचा सराव सुरू झाला. उजवीकडे जायचं तर डावीकडे फिरवायचं, एवढंच तर होतं. पण डोक्याला पटलेलं हातांना पटेना. काका मोठ्याने "डावीकडे म्हणजे उजवीकडे" असं घोकत निघायचे आणि तिसऱ्या बादलीपाशी हात आपलं चाळीस वर्षांचं ज्ञान पाजळायचे. दोन दिवसांत घरात धड बादली उरली नाही.

"जरा मी बघू का?" दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या.

"तू?" काकांना हसू आलं. काकूंनी जन्मात सायकलही चालवली नव्हती. तरी पायांनी काय दाबायचं ते काकांनी उदार मनाने दाखवलं आणि शेजारी बसले. काकूंनी पदर खोचला, गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा सुरू केली आणि फुटक्या बादल्यांच्या मधून नागमोडी पलीकडे नेली. वळवून परत आणली. हातांना जुनं काही माहीतच नव्हतं, तर ते विसरायचं काय? अर्ध्या तासात त्यांनी आठचा आकडा काढला आणि मग, काकांकडे बघत, नऊचाही काढला.

"बरं आहे," काका म्हणाले. "पण आरशात बघत नव्हतीस."



मार्ग निघाला तो अगदी घरगुती. चौथ्या दिवशी काकू शेजारच्या सीटवर बसून वळणं सांगू लागल्या. त्या म्हणाल्या, "उजवीकडे घ्या," आणि काकांचे हात आपसूक डावीकडे गेले. गाडी उजवीकडे वळली. "आता डावीकडे." हात उजवीकडे, गाडी डावीकडे. सगळ्या बादल्या सुखरूप राहिल्या. दोघं गाडी थांबवून एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात काकू जे म्हणतील त्याच्या बरोबर उलट करायची काकांच्या हातांना इतकी पक्की सवय लागली होती, की तिथे विचाराची गरजच पडत नव्हती.

"म्हणजे एवढी वर्षं तुम्ही ऐकत होता," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, लक्षच नसतं."

तपासणीच्या दिवशी काका, काकू आणि गाडी पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने पायी चालण्याच्या वेगाने निघाले. पुढे मुलगा लाल टॉवेल हलवत चालत होता. ऑफिसातलं कुणी भेटू नये म्हणून त्याने टोपी कपाळावर ओढली होती. खिशात मोडीत काढण्याचा अर्ज त्याने भरून तयार ठेवला होता, फक्त सही बाकी होती. मिस्त्री मागून सायकलवरून येत होते. सेक्रेटरी आधीच रिक्षाने पोहोचले होते. इतिवृत्तातल्या ठरावाची अंमलबजावणी बघणं हे आपलं कर्तव्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

निरीक्षकबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई होती. मैदानात पिंपं ओळीने उभी होती. "यातून जाऊन या, आजोबा," त्या म्हणाल्या. आजोबा हा शब्द काकांनी गिळला. काकू उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे म्हणत गेल्या आणि गाडी एकाही पिंपाला न शिवता पलीकडे जाऊन परत आली. मुलाचा टॉवेल हातातच राहिला. सेक्रेटरींचा चेहरा पडला.

"छान! या वयात कमाल आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आता आजी, तुम्ही उतरा. मी बसते शेजारी. एकच फेरी."

काकू उतरल्या. काकांनी ओठांतल्या ओठांत घोकायला सुरुवात केली, पण शेजारी उलट ऐकण्यासारखं काही नव्हतं. पहिलं पिंप आडवं झालं. दुसरंही झालं. तिसरं गडगडत कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेलं आणि तिथे अर्ज हातात घेऊन उभी असलेली रांग पहिल्यांदाच पटकन पुढे सरकली.

निरीक्षकबाई उतरल्या, वाकून गाडीखाली बघितलं आणि सरळ होत म्हणाल्या, "ही पेटी उलटी बसवलीय. कुणी बसवली?"

मिस्त्री पुढे आले. "मी, बाई."

"शेडचा परवाना आहे ना? तो रद्द करायची शिफारस करते मी. असलं काम करून म्हातारी माणसं रस्त्यावर सोडता? जीव गेला असता कुणाचा!" मग काकांकडे वळून त्या सौम्यपणे म्हणाल्या, "आजोबा, तुमचा दोष नाही. मेकॅनिकची चूक असली, की मालकाला पंधरा दिवसांची मुदत मिळते. दुसऱ्याकडून पेटी सुलट करून घ्या आणि या. गाडी वाचेल तुमची."

सगळं काकांच्या मनासारखं झालं होतं. गाडी वाचत होती, हलकं स्टिअरिंग राहत होतं, शब्द राहत होता. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. निरीक्षकबाई लिहू लागल्या. मिस्त्री हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेला नकाशा डोकावत होता. तो त्यांनी काढला नाही, काकांकडे बघितलंही नाही.

"थांबा!" काका इतक्या जोरात ओरडले, की रांग पुन्हा मागे सरकली. त्यांनी मिस्त्रींच्या खिशातून कागद काढला आणि गाडीच्या बॉनेटवर पसरला. "हा नकाशा मी काढलाय. ही सही माझी. मी खालून बघून काढला आणि वरून म्हणून लिहिलं. नकाशा चुकलाय. ह्या माणसाने त्यात सुतभर फरक केला नाही, आणि ते मला गेल्या सहा दिवसांपासून माहीत आहे. लोक ह्यांना नावं ठेवत होते आणि मी ऐकत होतो." मग ते सेक्रेटरींकडे वळले. "तुम्ही लिहून घेताय ना? घ्या. 'नकाशा चुकला. काढणारा हजर आहे.' मोठ्या अक्षरात घ्या!"

सेक्रेटरींनी वही मिटली.

निरीक्षकबाईंनी नकाशा बघितला, उत्तर दिशेचा बाण बघितला, मग काकांकडे बघितलं. "आजोबा, हे तुम्ही बोलायला नको होतं. मालकाने स्वतःच्या ड्रॉइंगवर केलेला बदल म्हणजे मुदत नाही. बदलच नामंजूर. हे सगळं काढून सात दिवसांत जुनं स्टिअरिंग होतं तसं बसवून आणा. नाहीतर मोडीत."

"मोडीत तर मोडीत! पण आधी ह्यांचं नाव खोडा. माझ्यासमोर खोडा."

निरीक्षकबाईंनी खोडलं. मिस्त्रींनी कान खाजवला आणि हळूच म्हणाले, "जुनं बसवायला तीन दिवस पुरेत, साहेब. होऊन जाईल."

"पण बाबा," मुलगा जवळ येऊन म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. खिशातल्या अर्जाला त्याने हात लावला नाही. "जुनं स्टिअरिंग तुम्हाला वळत नाही."

इतका वेळ ताठ असलेली काकांची मान खाली गेली. त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा धरला आणि गाडीकडे बघत राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि ते सेक्रेटरींसमोर येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

"शिकाऊ परवाना कुठल्या खिडकीवर मिळतो हो?" काकूंनी निरीक्षकबाईंना विचारलं.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मुलगा म्हणाला, "आई, तू?" सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, अहो, काहीतरीच काय!" काका म्हणाले, "अगं, ती जड आहे. एका वळणाला खांदे निखळतात."

"आपल्या लिफ्टला बंद पडून अकरा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर पाणी कुणी चढवलं? माझे खांदे शाबूत आहेत." आणि त्या पदर खोचून खिडकीपाशी गेल्या.

तोच कारकून होता. "वय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"एकसष्ट."

"कुठलं वाहन?"

काकूंनी बोट दाखवलं. कारकुनाने मान वर केली, मग तो उभा राहिला आणि खिडकीच्या गजांतून त्याने गाडी बघितली. "बाई, शिकाऊ परवान्यावर एकटीला चालवता येत नाही. शेजारी परवाना असलेला माणूस बसायला लागतो. कायदाच आहे तसा."

"आहे ना," काकू म्हणाल्या. "तो बघा उभा आहे."

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी जुनं स्टिअरिंग बसवलं आणि गाडी स्वतः चालवून पास करून आणली. त्यांच्या शेडबाहेर बँकवाल्यांची स्कूटर पुन्हा उभी राहिली. काकांनी ती स्वतः ढकलत नेऊन पोहोचवली होती. पेटी पुढच्या वर्षी रीतसर परवानगी काढून सुलट बसवू, असं मिस्त्री म्हणाले. काकूंनी त्यांना हात जोडून सांगितलं, की आता ह्यांच्या हातात कागद देऊ नका. उलट्या स्टिअरिंगवर अर्ध्या तासात शिकलेलं विसरायला काकूंना पुरता अर्धा तासही लागला नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं निघाली. मुलगा खाली सोडायला आला होता. त्याला काही बोलायचं होतं, पण काकूंनी पट्टा लावला, आरशात बघितलं आणि दोन्ही खांदे लावून ते अवजड स्टिअरिंग फाटकाच्या दिशेने ओढलं. गाडी कुरकुरत वळली. सेक्रेटरी आपली नवी गाडी घेऊन बाजूला सरकले. काका डाव्या सीटवर ताठ बसले होते, कायद्याने बसवलेले.

चौकात आल्यावर ते म्हणाले, "उजवीकडे घे. बाजार तिकडे आहे."

काकूंनी डावीकडे घेतलं. पुढे रस्ता संपून डोंगराकडे जाणारी खडकाळ वाट लागत होती.

"अगं, इकडे कुठे? इकडे काहीच नाही!"

"असं कसं? चौतीस वर्षं तुम्ही इकडेच जात होता," काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मी अजून एकदाही बघितलेलं नाही."